दणकट पाटी

घरांत एखादी नवी वस्तु घ्यावयाची झाली म्हणजे तिच्यावांचून आजपर्यंत आपलें कसें भागलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. ती कोणती घ्यावी, केवढ्याची घ्यावी आणि कोणाच्या सल्ल्यानें घ्यावी, यावरच सारा वाद रंगतो. आमच्या घरीं २०२५ च्या श्रावणांत असाच एक वाद तीन रविवार चालला. वस्तु होती टॅब्लेट. परंतु साधा नव्हे, तर पडला तरी न फुटणारा आणि भिजला तरी न बिघडणारा, ज्याला आमचा पुतण्या ‘रगेड’ म्हणतो आणि वहिनी ‘दणकट पाटी’ म्हणतात. किंमत वीस हजारांच्या आंतबाहेर. तो घ्यावा कीं न घ्यावा, एवढाच प्रश्न होता. परंतु त्याचा निकाल लागेपर्यंत एक गोष्ट मला चारचौघांत कबूल करावी लागली, आणि ती त्या वीस हजारांहून मला जड गेली. म्हणूनच आज लिहावयास बसलों आहें.

आधीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. आमचें मूळ घर गुहागर तालुक्यांतलें. घर जांभ्याच्या चिऱ्यांचें, पुढें ओटी, तिच्या खालीं तीन पायऱ्या, मागें नारळी-पोफळींची वाडी. आम्ही भावंडें शिक्षणाच्या निमित्तानें पुण्यास आलों ते येथलेच झालों. तिकडे आमचे अप्पाकाका आणि काकू असे दोघेच राहतात. अप्पांचें वय चौऱ्यायशीं. जन्मभर शाळेंत मास्तरकी केली; त्यामुळें वाचनावांचून दिवस गेला कीं त्यांना उपास घडल्यासारखें होतें. मोतीबिंदू काढून झाले. पण गेल्या कांहीं वर्षांत दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला आहे. या विकारांत कडेकडेचें दिसत राहतें आणि नेमकें ज्याच्याकडे पाहावें तेंच पुसट होतें. छापील ओळ त्यांना मध्येंच खोडल्यासारखी दिसे. मात्र अक्षर बोटभर मोठें केलें तर तें त्यांना लागतें. म्हणून २०२२ च्या दिवाळींत आम्हीं त्यांना एक टॅब्लेट नेऊन दिला. दोन बोटें फांकवलीं कीं अक्षर हवें तेवढें मोठें होतें, हें पाहून अप्पा लहान मुलासारखे हंसले होते. वर्तमानपत्र, ज्ञानेश्वरी, जुने अंक, सारें त्यांना पुनः वाचतां येऊं लागलें. आणि दर रविवारीं संध्याकाळीं सात वाजतां आमचीं तोंडेंही त्यांत दिसूं लागलीं.

तो टॅब्लेट २०२४ च्या मार्गशीर्षांत पायरीवर पडून फुटला. लगेच दुसरा पाठविला. तो पुढच्याच आषाढांत पावसाच्या झडींत भिजला आणि मुका झाला. आतां तिसरा पाठवावयाचा, तर तो कसा असावा, हा प्रश्न घेऊन आम्ही बसलों होतों. गणपतीला सारे तिकडे जाणार. तेव्हां त्याच्या आंत निकाल लावणें भाग होतें.

पहिल्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें आपली बाजू मांडली. तो संगणकाच्या धंद्यांतला. त्याच्याजवळ आंकडे तयार होते. “याच्यावर ‘आयपी ६८’ असा शिक्का आहे,” तो म्हणाला. “हा कुठला पिनकोड?” असें वहिनींनीं विचारतांच सारे हंसले, पण त्यानें शांतपणें सांगितलेली माहिती मला नवी होती, म्हणून येथें देतों. यांतला पहिला आंकडा धुळीचा. तो शून्यापासून सहापर्यंत चढतो, आणि सहा म्हणजे धूळ मुळींच आंत जात नाहीं. दुसरा आंकडा पाण्याचा. सात म्हणजे मीटरभर पाण्यांत अर्धा तास बुडवून ठेवला तरी बाध येत नाहीं. आठ म्हणजे त्याहून कठीण कसोटी, आणि तिची खोली व वेळ किती हें कारखानदारानें स्वतः जाहीर करावयाचें. मात्र ही परीक्षा नव्या कोऱ्या वस्तूची असते, आणि स्वच्छ गोड्या पाण्यांत होते. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत चार पावसाळे काढल्यावर आणि रबरी कडा जून झाल्यावर काय, याचें उत्तर त्या दोन आंकड्यांत नाहीं.

दुसरा शिक्का होता ‘मिल-एसटीडी-८१०’ या नांवाचा. अमेरिकेच्या लष्करानें आपल्या सामानासाठीं ही कसोट्यांची जंत्री १९६२ सालीं प्रथम काढली, आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजवर निघत आल्या आहेत. लष्कराचें नांव ऐकतांच आमच्या दादांचा चेहरा उजळला. पितळेचा बंब आणि शिसवी पलंग यांच्या जातीची वस्तु त्यांना मनापासून आवडते. “घ्यावी तर पिढीभर टिकणारी घ्यावी,” हा त्यांचा बाणा. परंतु ते पाटबंधारे खात्यांत इंजिनिअर होते, त्यामुळें पुढचाच प्रश्न त्यांनीं विचारला, “कसोटी घेतली कोणी?” पुतण्या थोडा अडखळला. त्या जंत्रीबरहुकूम वस्तूला दाखला देणारें असें लष्कराचें खातें नाहीं. जंत्रींतल्या कोणत्या कसोट्या घ्यावयाच्या हें कारखानदार ठरवितो, त्या घेतो किंवा घेववितो, आणि शिक्का मारतो. “म्हणजे ठेकेदारानेंच आपल्या पुलाला दाखला द्यायचा!” दादा म्हणाले.

त्या रात्रीं मीं स्वतः थोडें वाचून पाहिलें. त्या जंत्रीची २००८ सालची आवृत्ति आजही पुष्कळ वस्तूंवर मिरवते. तींत पडण्याची जी कसोटी आहे, तींत वस्तु चार फुटांवरून सव्वीस वेळां पाडतात, म्हणजे प्रत्येक बाजूवर, कडेवर आणि कोपऱ्यावर एकेकदां. ऐकावयास हें भयंकर वाटतें. पण हे सव्वीस आघात पांच नगांत वाटून देण्याची मुभा आहे, आणि खालीं असते ती काँक्रीटवर बसविलेली दोन इंच जाडीची प्लायवुडची फळी. आमच्या ओटीच्या पायऱ्या प्लायवुडच्या नाहींत. जांभ्याच्या चिऱ्याचा कोपरा कसा लागतो, हें ज्याचे गुडघे लहानपणीं त्यावर फुटले आहेत त्याला कोणी सांगावयास नको. तरीही, खरें बोलावयाचें तर, साध्या टॅब्लेटपेक्षां हा दसपट टिकाव धरील, याविषयीं मला शंका उरली नाहीं.

दुसऱ्या रविवारीं पुतण्यानें प्रत्यक्ष वस्तूच आणून ठेवली. त्याचा एक मित्र रस्त्यांच्या मोजणीच्या कामावर असतो. त्याचा टॅब्लेट दोन दिवसांसाठीं मागून आणला होता. रबराचे जाड कोपरे, मागें हात अडकवावयाचा पट्टा, चिखलाचे वाळलेले डाग. मित्रानें मोठ्या कौतुकानें सांगून पाठविलें होतें, कीं तो दोनदां मोटारीच्या टपावरून पडला आणि एकदां रात्रभर पावसांत राहिला, तरी दुसऱ्या दिवशीं कामाला हजर. वस्तु खरोखर गुणाची होती. त्यांत तिळमात्र संशय नको.

आमच्या सौभाग्यवतींनीं मात्र एक शब्दही न बोलतां तो उचलला आणि स्वयंपाकघरांतल्या तराजूवर नेऊन ठेवला. एक किलो आणि साठ ग्रॅम! दादांच्या नातीचा साधा टॅब्लेट शेजारीं ठेवला. तो भरला चारशें नव्वद ग्रॅम. हा फरक कोठून आला, तें पुतण्यानें सांगितलें. साध्यांत सात-आठ हजार मिलिॲम्पिअर-अवरची बॅटरी असते, आणि यांत वीस हजारांची. रानांत दोन दिवस वीज न मिळणाऱ्या माणसासाठीं ती सोय आहे. पण तिचें वजन वीज असलेल्या घरींही वागवावें लागतें. “अप्पांनीं हा हातांत धरून वाचावयाचा ना? मग तुम्हीं धरून पाहा,” असें म्हणून सौभाग्यवतींनीं तो दादांच्या हातीं दिला आणि समोर घड्याळ ठेवलें. दादा शहात्तर वर्षांचे. पण रोज पर्वतीला जाणारे. सातव्या मिनिटाला त्यांनीं हात बदलला, अकराव्याला मांडीवर टेकविला, आणि पंधराव्याला कांहींएक न बोलतां खालीं ठेवला.

त्याहूनही मौजेची गोष्ट पुढें झाली. पाणी जाऊं नये म्हणून या टॅब्लेटच्या भोकांना रबरी बुचें असतात. चार्जिंगची तार लावावयाची तर तें बूच दर वेळीं नखानें उचकटावें लागतें, आणि नंतर तितकेंच नीट दाबून बसवावें लागतें. तें उघडें राहिलें कीं पाण्याविरुद्धची शाश्वति संपली. दादांनीं आपलें नख घालून पाहिलें. बूच हललें नाहीं. वहिनींनीं केसांतला आंकडा काढला, तेव्हां तें निघालें. चौऱ्यायशीं वर्षांच्या, अंधुक डोळ्यांच्या माणसानें हें रोज संध्याकाळीं करावयाचें, असें मनांत आलें आणि आम्ही सारेच थोडे गप्प झालों.

सूनबाईंनीं आणखी एक गोष्ट काढली. या स्वस्त दणकट टॅब्लेटांपैकीं पुष्कळांना पुढें नवी आवृत्ति किंवा सुरक्षिततेची डागडुजी नियमानें मिळत नाहीं. शरीर दहा वर्षें टिकलें, पण बुद्धि तीन वर्षांत जुनी झाली, तर त्याचा उपयोग काय? शिवाय बॅटरी सुमारें तीन-चार वर्षांत थकतेच, आणि उष्णतेनें त्याहूनही लवकर. सॅमसंगच्या ‘टॅब ॲक्टिव्ह’ या मालेंतल्या टॅब्लेटांचें पाठीमागचें झाकण हातानें उघडून बॅटरी बदलतां येते, आणि त्यांना डागडुजीही मिळते. परंतु त्यांची किंमत साध्या टॅब्लेटच्या दुप्पट-तिप्पट, आणि आमची मर्यादा ठरलेली होती. वीस हजारांच्या आंत जो दणकटपणा मिळतो, तो बहुधा फक्त कातडीचा असतो. असें त्या दिवशीं ठरलें.

तिसऱ्या रविवारीं मात्र वादाला जें वळण लागलें, त्याची मला कल्पना नव्हती. दादा म्हणाले, “दणकट घेतला तर अप्पांना उचलणार नाहीं. साधा घेतला तर तो पुनः पडणार, कारण हात थरथरतात. दोन फुटले, तिसराही फुटेल. खरें म्हणजे त्यांना आतां हें यंत्र झेपत नाहीं. काकूला एक साधा फोन आहे, बोलणें होतें. मग टॅब्लेट हवाच कशाला?” दादांच्या बोलण्यांत कंजूषपणा नव्हता, इंजिनिअरचा हिशेब होता. पुतण्यानें नाइलाजानें मान हलविली. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. निकाल लागल्यासारखाच झाला.

आणि मी ऐकत बसलों होतों. वाचकहो, पहिला टॅब्लेट कसा फुटला, हें त्या बैठकींत एकट्या मला ठाऊक होतें. तो फुटल्यावर आठ दिवसांनीं मी गांवीं गेलों होतों. अप्पा वाडींत गेलेले पाहून काकूनें मला हळूच सांगितलें. त्या घरीं इंटरनेटची तार आली आहे. पण तिचा डबा बसविणाऱ्यानें तो ओटीच्या कोपऱ्यांत ठोकून दिला. चिऱ्यांच्या दीड-दीड हात जाडीच्या दोन भिंती ओलांडून त्याची लहर माजघरांत पोंचत नाहीं. म्हणून रविवारीं अप्पा ओटीच्या पायरीवर येऊन बसत. त्या रविवारीं फोन करण्याची पाळी माझी होती. मी एका लग्नाच्या स्वागतसमारंभाला गेलों आणि साफ विसरलों. अप्पा साडेसहापासून त्या थंडींत गुडघ्यांवर टॅब्लेट घेऊन बसले होते. आठ वाजले, साडेआठ वाजले. काकूनें दोनदां जेवायला बोलाविलें, पण “एवढ्यांत येईल त्याचा,” म्हणून ते उठले नाहींत. नऊच्या सुमारास वीज गेली. अंधारांत उठतांना तोल सांवरावा म्हणून त्यांनीं खांब धरला आणि टॅब्लेट सुटला. “मीं सांगितलें असें त्यांना कळूं देऊं नकोस हो,” काकू म्हणाली. तिच्या या शब्दाचा आधार घेऊन मी नऊ महिने गप्प राहिलों. दुसरा टॅब्लेट मीं चार दिवसांत पाठविला, तेव्हां घरांत सर्वांनीं माझ्या तत्परतेची स्तुति केली होती. तीही मीं ऐकून घेतली.

आतां मात्र त्या मौनाची किंमत अप्पांना भरावी लागत होती. माझ्या विसरण्याचा दोष त्यांच्या हातांच्या कंपावर गेला होता, आणि त्यापायीं त्यांचें वाचन बंद होणार होतें. मीं सारें सांगितलें. सांगतांना आवाज स्थिर राहिला नाहीं. कोणी मला बोल लाविला नाहीं. लाविला असता तर बरें वाटलें असतें. शेवटीं सौभाग्यवती एवढेंच म्हणाल्या, “म्हणजे दुसराही ओटीवर बसूनच भिजला. हात नव्हे, जागा वाईट आहे.”

मग वहिनींनीं जो प्रश्न विचारला तो पहिल्या रविवारींच विचारावयास हवा होता. “अहो, अप्पांना कोणी विचारलें आहे का?” कोणींच विचारलें नव्हतें. दादांनीं तेथल्या तेथें काकूच्या फोनवर अप्पांना बोलाविलें आणि दणकट पाटीचें वर्णन सांगितलें. पलीकडून मास्तरांचा खणखणीत आवाज आला, “अरे, किलोभर वजन मांडीवर घेऊन मी वाचूं केव्हां? आणि पाटी पडली तर दुसरी येते रे. ती वाचवायला वांकून मीच पायरीवरून गेलों तर दुसरा कोठून आणाल? मला आंत, माजघराच्या खिडकीशीं बसून वाचतां येईल असें कांहीं करा. मग साधी पाटी पुरे.”

एका वाक्यांत निकाल लागला. साधा अकरा इंची टॅब्लेट पंधरा हजारांना मिळाला. त्याला मूठ असलेलें रबरी आवरण हजाराच्या आंत आलें. ओटीवरच्या डब्यापासून माजघरापर्यंत न्यावयाची तार आणि तेथें बसवावयाचा दुसरा डबा मिळून अडीच हजार. सारें मिळून दणकट पाटीपेक्षां कमींतच भागलें.

गणपतीच्या दोन दिवस आधीं पुतण्या आणि मी पुढें गेलों. त्यानें वाशांवरून तार ओढली आणि फडताळावर डबा बसविला. मीं माळ्यावरून आजोबांची पोथी ठेवावयाची लांकडी ठवणी काढली. धूळ पुसून टॅब्लेट तीवर उभा केला, तर जणूं तिच्यासाठींच केलेला! आतां हातांत धरावयाचें कारणच उरलें नाहीं. अप्पा खिडकीशीं बसले, बोटानें अक्षर मोठें केलें, आणि मोठ्यानें वाचूं लागले. काकू दाराशीं उभी राहून ऐकत होती.

रात्रीं जेवणानंतर मीं अप्पांजवळ त्या रविवारची गोष्ट काढली. “अप्पा, त्या दिवशीं मी विसरलों होतों. काम वगैरे कांहीं नव्हतें.” काकू उठून स्वयंपाकघरांत गेली. अप्पा जरा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “तिनें सांगितलें वाटतें तुला. अरे, वाट पाहण्याचें मला कांहीं वाटलें नव्हतें. पण नऊ वाजले, वीज गेली, तुझा फोन नाहीं. मला वाटलें, तिकडेच कांहीं बरेंवाईट झालें असेल. दादाला फोन करावा म्हणून उठलों, आणि ती हातांतून गेली.” एवढें बोलून त्यांनीं अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरूं लागले.

ज्याला उन्हापावसांत, चिखलांत, मोटारीच्या टपावर काम करावयाचें आहे, त्यानें ती दणकट पाटी खुशाल घ्यावी. तिच्यासारखी सोबत नाहीं. घरांत बसून वाचणाऱ्या वडील माणसासाठीं ती घेण्यापूर्वीं मात्र तराजूवर ठेवून पाहावी, बूच उघडून पाहावें, आणि आधीचें यंत्र कां फुटलें याची चौकशी करावी. ती चौकशी कधीं कधीं आपल्याच दारीं येऊन थांबते.

पुतण्याच्या मित्राचा टॅब्लेट आम्हीं पुसून परत केला. माझ्या टेबलावर आतां एक लहानसें घड्याळ आहे. रविवारीं तें पावणेसातला वाजतें.